पाठीवरची चेन

हिरामण मामा जहाजावरून उतरला की
अर्धी संपलेली अत्तराची बाटली आणायचा
आणि सीड्या, ज्यांच्या कव्हरावरचं
एक अक्षर आम्हाला लागायचं नाही.

कोपरखैरणे, सेक्टर सात, सिडकोची एक खोली.
रविवारी दुपारी पडदा ओढला की
टीव्हीतल्या खाडीतून तो वर यायचा,
डोळे कपाळावर, अंगभर चिखल,
आणि आय म्हणायची, "ह्यो तं निवटा!"

तेव्हापासून तो निवटाच.
नंतरचा चिंबोरा. पंख होते ती पाकट.
बोलणं कुणालाच कळत नसे, म्हणून
सगळ्यांचं तीच बोलायची.
टायवाला शास्त्रज्ञ काचेच्या नळीत बघत
गंभीर काहीतरी सांगू लागला की,
"कालवनात मीठ कमी परलाय."
सेनापतीनं टेबलावर मूठ आपटली की,
"सातबारा कोनाच्या नावावं हाय ते बगा पयले!"
आम्ही लादीवर लोळायचो.

मग पुठ्ठ्याचे टॉवर पडायचे,
आतून रिकामे, एक जिना नाही, एक मोरी नाही,
आणि आय जराही दचकायची नाही.
"भराव टाकून बांधलं ना? मंग येलच तो."
एकदा तर उठून तिनं बोटच ठेवलं काचेवर,
कुठल्याशा जपानी बंदराच्या डाव्या कोपऱ्यात:
"हितं आमच्या बाचं मिठागर व्हतं."

मला हवा असायचा तो दुसरा,
अर्ध्या तासाच्या भागातला, चांदीच्या अंगाचा,
पतंगासारख्या दोन मिशा असलेला.
त्याच्यापायी मी गच्चीवरच्या टाकीवरून उडी मारली.
गुडघ्याला चार टाके. अजून दिसतात.

पण चेन आयनं पाहिली.
महाप्याच्या कारखान्यात ती जॅकेटांना चेन लावायची,
दिवसाला दोनशे, कधी अडीचशे,
आणि त्या रविवारी निवटा पाठमोरा झाला तशी
म्हणाली, "थांबव."
काट्यांच्या दोन रांगांमधून
मानेपासून शेपटीपर्यंत एक सरळ रेघ.
"नायलॉनची. खाली टाका सुटलाय."
मग बराच वेळ काही नाही.
मग, "पाठीवं हाय गो.
म्हंजे याची याला उघरता येत नाय."

तिथून सगळा खेळच बिघडला.
चांदीवाला हात वर करून वीज सोडायचा,
निवटा कोसळायचा, आम्ही टाळ्या पिटायचो,
आणि मागून आवाज यायचा,
"झाला ना तुमचा? आता उघरा त्याला.
पानी द्या कुनीतरी."
"अगं, तो राक्षस आहे!"
"मधी मानूस हाय."

आता घणसोली, अकरावा मजला.
भिंतीएवढा टीव्ही, धुऊन काढलेली प्रिंट,
आभाळाच्या कापडावरचे ब्रशचे फटकारेसुद्धा दिसतात.
आय बहात्तरची. मणक्याचं ऑपरेशन झाल्यापासून
छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा,
बंद मागे.
ती आता कुणाचंच बोलत नाही.
मी मुद्दाम सेनापतीच्या वेळी तिच्याकडे बघितलं,
त्यानं मूठ आपटली, ती नुसती बघत राहिली.

निवटा शेवटचा समुद्रात गेला.
कॅमेरा किनाऱ्यावरच्या माणसांकडे वळला,
कुणी टोपी काढली, कुणी डोळे पुसले.
आय सोफ्याचा हात धरून उठली
आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.
"उघर."

एक बंद. दुसरा. तिसरा नेहमी अडतो.
पट्ट्याखाली ब्लाउज भिजून अंगाला चिकटलेला,
कातडीवर शिवणीची लाल नक्षी.
मी तांब्या आणला. उभ्यानंच प्याली,
मधे श्वास न घेता, सगळा.

पडद्यावर नावं वर सरकत होती,
अजूनही न लागणाऱ्या अक्षरांत.
तोंड पुसत तिनं एका ओळीवर बोट रोखलं,
ओळ वर गेली तसं बोटही वर नेलं.
"ह्यो आसंल," म्हणाली.
"मधला."